चिनी म्हणवणारी इराणी थाळी

थाळी पाण्यात ठेवून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि तड्यातून बारीक बुडबुडे यायला लागले. चिनीमाती पाणी पीत नाही.

मी तेव्हा औरंगाबादेत एका छोट्या संग्रहालयात कॉन्झर्व्हेटर होते, म्हणजे जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी. थाळी आणली होती पिशोरच्या दादारावांनी. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, तेव्हा एक जागीरदार घराणं हैदराबादला गेलं, जाताना ही थाळी दादारावांच्या आजोबांकडे ठेवून गेलं. आता त्या घराण्यातली नात शुक्रवारी ती न्यायला येणार होती. कधीतरी सरसानं चिकटवलेला तडा सुटत आला होता. तो नीट जोडायचा होता.

"कशाची आहे?" मी विचारलं होतं.

"चिनीची. जपून करा म्याडम, अमानत हाय."

निळा ड्रॅगन, चिनी ढग. मीही फॉर्मवर 'चिनी' लिहून मोकळी झाले आणि सरस सैल व्हावा म्हणून थाळी कोमट पाण्यात घातली.

आता घाईघाईनं बाहेर काढून उलटी केली. तळाला झिलई नव्हती, अंग खडबडीत, साखरेसारखं. म्हणजे इराणी. तिकडच्या कुंभारांना चीनची माती मिळत नसे. ते गारगोटीची पूड आणि काच मिसळून थाळ्या करत आणि वर चिनी नक्षी काढत. अशी थाळी आतून सच्छिद्र असते. पाण्याबरोबर सरसाचा रंगही आत शिरतो. मूर्खासारखी मी ड्रॅगनवरच भाळले होते.

संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "हीटर लावा."

"झिलई उडेल, सर."

"मग?"

"वाट बघायची."

तीन दिवस टिपकागद बदलत राहिले. झिलई टिकली, तडाही जुळला, पण ड्रॅगनच्या शेपटीवर तपकिरी डाग उमटला. दादारावांना फोनवर सगळं सांगितलं.

"आमी तर कपबशीला बी चिनीच म्हणतो, म्याडम. तुमी तर शिकलेल्या ना?"

शुक्रवारी नात आली, सोबत दादारावही. डागावर बोट ठेवून तिनं वर पाहिलं.

दादाराव चटकन म्हणाले, "आमच्या घरात पडला, बाई. धाब्याचं घर, लई गळतं."

इतकी वर्षं जपणाऱ्या माणसानं माझी चूक अंगावर घेतली होती. मला ते सोसेना.

"नाही," मी म्हणाले, "डाग माझ्यामुळे पडला. याच आठवड्यात."

नातीनं थाळी शालीत गुंडाळून पोटाशी धरली.

"दादी तो बोलते थे, थाली वापस मिलतीच नै."

तळ पाहिल्याशिवाय मी आता फॉर्म भरत नाही. मालक काय म्हणतो तेही लिहिते, पण वेगळ्या ओळीत.