आईच्या प्रार्थनेतली हजेरी

आमच्या घरी मटण कधी गरम खाल्लं गेलं नाही. दोष मटणाचा नव्हता, आईच्या प्रार्थनेचा होता. ताटं वाढून झाली की ती डोळे मिटायची आणि 'हे दयाळू पित्या' म्हणून जी निघायची, ती नगरपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक स्टेशनावर थांबत यायची. आधी गावाकडची माणसं. मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांचा खोकला. मग पप्पांचे सेक्शनमधले साहेब, त्यांना सद्बुद्धी. मग वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींचे गुडघे. उजवा वेगळा, डावा वेगळा, कारण दुखणी वेगवेगळी. दूधवाल्याची म्हैस अडली होती तेव्हा तीसुद्धा आठवडाभर हजेरीत होती. जानेवारीच्या थंडीत रश्श्यावर चरबीचा पांढरा थर धरायचा, तरी आमेन काही येत नसे.

आंटी जिन्यात आईला गाठायच्या. "बहनजी, आज मेरे घुटनों का जरूर बोल देना."

"बोलती हूँ ना रोज," आई म्हणायची. "पण तुम सीढी कम चढो."

हे सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात टायपिस्ट, आणि स्वतःला दिल्लीतली सगळ्यात हुशार मुलगी समजत होते. ती मुलगी आज समोर आली तर मी तिला आधी स्वेटर घालायला लावीन (फॅशनपायी कुडकुडत हिंडायची) आणि मग पोट धरून हसेन.

त्या हुशार मुलीचं एक गुपित होतं. ऑफिसातला एक क्लार्क. साताऱ्याकडचा, वडील फौजेत सुभेदार, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये. हिंदू. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. मला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच. आणि अंगात ताप असतानाही रविवारची उपासना न चुकवणारी माझी आई याला हो म्हणेल का, या प्रश्नाने माझी झोप उडाली होती. म्हणजे मैत्रिणींना मी तसं सांगायचे. प्रत्यक्षात घोरत होते.

संध्याकाळी तो माझ्याच बसने यायचा, माझ्याच स्टॉपवर उतरायचा, आणि मी घरात शिरले की रस्ता ओलांडून कॅन्टच्या बसची वाट बघत उभा राहायचा. कुणाला कळू नये म्हणून मी त्याच्या दहा पावलं पुढे चालायचे आणि मागे एकदाच वळून बघायचे. एकदाच म्हणजे, दर तीन पावलांनी एकदाच.

त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी पडली तशी आईच्या हजेरीत एक नवीन लेकरू आलं. "रस्त्यावर मफलरशिवाय उभं असतं त्या लेकराला सांभाळ, बापा." असेल कुणी फुटपाथवरचं पोर, असं मला वाटलं. मी खूप मोठ्याने आमेन म्हणायचे. एकदा तर दयेचा असा उमाळा आला की म्हटलं, "आई, माझा जुना स्वेटर देऊन टाक ना त्याला."

आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुझा? त्याला बसायचा नाही तो."

नाताळ झाल्यावर मी धीर केला. आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. म्हटलं, ऑफिसात एकजण आहे. मराठीच आहे, पण आपल्यातला नाही. तिने हातातल्या शेंगा संपवल्या. मग म्हणाली, "बरं. प्रार्थना करते."

एवढंच! आता मी रोज जेवताना कान टवकारून बसू लागले. पाळकसाहेब आले, गुडघे आले, मफलरवालं लेकरू आलं. माझ्या माणसाचा पत्ता नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. म्हशीला जागा आहे, आणि त्याला नाही? म्हणजे नकारच. मी अन्नत्याग केला. घरच्या अन्नाचा. मार्केटमध्ये दोन प्लेट छोले-भटुरे हाणून यायचे आणि ताटासमोर सुकलेला चेहरा करून बसायचे.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तो उपास सोड आता. ब्लाऊजवर छोले सांडलेत."

मग मी रडले. "तू त्याच्यासाठी एकदासुद्धा प्रार्थना केली नाहीस! मी रोज ऐकते!"

"ऐकतेस? मग कान साफ कर. दिवाळीपासून घेते आहे त्याला. गच्चीवरून रोज दिसतो. वीस-वीस मिनिटं उघड्या गळ्याने उभा असतो, माठ कुठला. आणि तू रोज आमेन म्हणतेस, ते काय झोपेत?"

मी डोळे पुसले. मग लबाडपणे विचारलं, "म्हणजे तुझा होकार आहे?"

"होकार नाही. काळजी आहे. सर्दी झालेल्या माणसाबद्दल मी काय ठरवणार? रविवारी जेवायला बोलाव."

तो आला. डोक्याला तेल, शर्टाला कडक इस्त्री. मी त्याला बजावलं होतं, काहीही झालं तरी डोळे उघडू नकोस. आईने त्या दिवशी आजवरची सगळ्यात लांब प्रार्थना केली. गाडी नगरहून निघाली ती साताऱ्याला वळसा घालून आली. आई श्वास घ्यायला थांबली की याला वाटायचं संपलं. "आमेन!" असं तीनदा झालं. पप्पांचे खांदे हलायला लागले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं तर तो परेडसारखा ताठ, डोळे गच्च मिटलेले. आणि समोर माझी भक्तिमान आई, तिचाही एक डोळा उघडा, त्याच्यावर रोखलेला. आमची नजरानजर झाली. आधी तिने मिटला.

शेवटी खरं आमेन झालं. आईने वाढायला डाव उचलला. "कंटाळलास का रे?"

"नाही," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "पण... माझ्या आईची कंबर फार धरते. ते राहिलं."

आईने डाव परत पातेल्यात ठेवला. पुन्हा हात जोडले, पुन्हा डोळे मिटले. मटण दगड झालं. मी मात्र समजले, आपलं लग्न ठरलं.

जाताना तिने त्याच्या हातात करड्या लोकरीचा मफलर ठेवला. आंटींकडून शिकून विणलेला पहिलाच. एक टोक रुंद, एक अरुंद. धर्म बदल असं तिने त्याला कधी म्हटलं नाही, त्याने मला नाही. टाक त्याच्या जागी राहिला, आईचं पवित्र शास्त्र तिच्या उशाशी.

पप्पा गेल्यावर ती आमच्याकडे गुरुग्रामला आली. चौदाव्या मजल्यावर तिची हजेरी आणखी वाढली. माझा मुलगा मानेसरच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आत आला, मग आमची सारखी बंद पडणारी लिफ्ट. "आजी, शॉर्ट में ना यार," मुलगा कुरकुरायचा. आई लिफ्टसाठी दोन वाक्यं जास्त घालायची.

ती गेली त्यानंतरच्या रविवारी मटण केलं. ताटं वाढली. मुलगा, सून, नात, सगळे माझ्याकडे बघत होते. लेक मी ना. 'हे दयाळू पित्या' म्हटलं आणि पुढे शब्दच येईना. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी मटण गरम होतं आणि कुणाला खाववेना.

तेव्हा माझ्या नवऱ्याने घसा खाकरला आणि पुढचं सुरू केलं. सगळं, क्रमाने. नगर, पाळक, साहेब. त्यातले निम्मे कधीच देवाघरी पोचलेले. माझा डोळा सवयीने किलकिला झाला. हीटर चालू असतानाही त्याच्या गळ्यात तो वेडावाकडा मफलर होता. गाडी उजव्या गुडघ्यावर आली, मग डाव्या.

नातीने त्याची बाही ओढली. "आबा, ये घुटने किसके हैं?"

"देवाला माहीत आहे," तो म्हणाला. "मध्ये बोलू नकोस, अजून लिफ्ट राहिली आहे."