दोन जागी ठेवलेला आसेन

“मावशे, रडायचं काम न्हाय. तुझा आसेन माझ्याकडं दोन जागी हाय. एका जागंचा मेला तर दुसऱ्या जागंचा उठतोय.”

रुमेना हे बोलली तेव्हा वेलिका म्हातारीनं आपल्या दारावरनं सोलून आणलेला कागद काउंटरवर पसरला होता. तिच्या पोराच्या मयताचा कागद. काळी चौकट, नाव, खाली ‘आई विसरली नाही’. फोटोच्या जागी उन्हापावसानं नुसती कॉलर आणि टाय ठेवली होती. वर सगळं पांढरं.

“मी कुटं रडतीय?” म्हातारी म्हणाली. “शनिवारी वीस वर्सं भरत्यात. दहा कागद काढ. ह्याला बघून कुनाला कळंल का, कोन व्हता?”

मयताचा कागद आमच्याकडं लागतोच. माणूस गेला की दारावर, खांबावर, बसथांब्यावर. मग चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, पुढं वर्षाच्या वर्षाला. पुन्हा पुन्हा तोच फोटो लागतो, म्हणून गावातली निम्मी मेलेली माणसं रुमेनाच्या कॉम्प्युटरात राहायला होती. इस्पितळ आणि चर्च यांच्या मधोमध तिचं छपाईचं दुकान. गिऱ्हाईक एका दारानं निसटलं तर दुसऱ्या दारानं सापडायचं.

बाई कुणाकडं शिकली नाही. नेटवर जे फुकट मिळतं ते उतरवून घ्यायचं आणि त्याच्याशी झटापट करायची, ही तिची शाळा. त्यात दोन प्रोग्राम तिच्या गळ्यातले ताईत. पहिला रोज दुपारी बारा वाजता सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. दोन्हीकडं हुबेहूब, आरशासारखं. दुसरा होता पहारेकरी. कुठली फाइल कुणी उघडली, कुणी बदलली, कुणी पुसली, ते तो मिनिटासकट लिहून ठेवायचा.

हा पहारेकरी तिनं नवऱ्यासाठी ठेवला होता. त्रिफोननं एकदा दारूच्या तारेत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पुसले होते. तेव्हापासून अकरा वर्षं रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर त्याचा पाढा वाचला जायचा. “दहा वाजून सात मिन्टं, पत्त्यांचा खेळ. दहा वाजून चाळीस, पुन्ना पत्ते. ऐकतायसा न्हवं? ह्यो माजा कारभारी!” रांगेतले लोक हसायचे. त्रिफोन मान खाली घालून कागदाची थप्पी सारखी करायचा.

ओसम नदीच्या पुरात वेलिकाच्या तळघरातली फोटोंची पेटी भिजून लगदा झाली, तेव्हा म्हातारीनं हूं की चूं केलं नव्हतं. रुमेनाकडं आसेन दोन जागी आहे, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर दोन वर्षं ती बहिणीच्या गावाला राहिली, आणि ह्या वसंतात घर वाळल्यावर परतली.

रुमेनानं नाव टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा केलं. मग दुसरी डिस्क उघडली. तिथंही आसेनच्या जागी काही नव्हतं.

“त्रिफोन्या!” ती अशी ओरडली की रांगेतला पोस्टमन दचकला. “काय केलंस रं मुडद्या? म्हातारीचं पोरगं खाल्लंस? मावशे, ह्या दारुड्यानंच पुसलंय बघ!”

म्हातारीनं त्रिफोनकडं बघितलं. त्यानं थप्पी बाजूला ठेवली.

“तुज्या पहारेकऱ्याची वही वाच की,” तो म्हणाला.

“काय वाचायचंय त्यात?”

“रोज वाचतीस. आज मी वाचतो.”

त्यानं तिला ढकललं नाही, नुसता माऊस ओढून घेतला. चष्मा पुसला आणि तिच्याच हेलात, सावकाश सुरू केलं. “चौदा मार्च. अकरा वाजून वीस. कोन? रुमेना. काय? पुसलं. आसेन पेत्कोव्ह. त्याच मिन्टाला आनकी एकशेसाठ. म्हंजी डिस्क भरली व्हती तवा. दोन वर्सं ज्यांची मानसं फिरकली न्हाईत त्यांना हाकललंस तू. मेलेल्यांना काय घाई, म्हनली व्हतीस.”

“आन दुसऱ्या जागंचा?” म्हातारीनं विचारलं.

“बारा वाजता तितनं बी गेला, मावशी. आरसाच त्यो. हितं न्हाय ते तितं बी ठेवत न्हाय.”

पोस्टमन हसला नाही. त्रिफोन मात्र हसला. अकरा वर्षांचं साठलेलं हसू होतं, आवरायला त्याला वेळ लागला.

रुमेनानं पुसलेलं परत आणणारा आणखी एक फुकटचा प्रोग्राम चालवला. दोन तास. म्हातारी स्टुलावर बसून राहिली. शेवटी एक चित्र आलं. केस आले, कपाळ आलं, भुवया आल्या. त्याखाली राखाडी पट्टे.

“भांग त्याचाच,” म्हातारी म्हणाली.

“बघ, आला न्हवं अर्धा?” रुमेना म्हणाली. “लांबनं वळखतील लोक.”

“डोळं नसलेलं पोर दाराला लावू व्हय?” वेलिका उठली. “चौकट रिकामी ठेव. खाली नाव टाक. आन त्याखाली लिही, तोंड रुमेनानं पुसलं, चौदा मार्च, अकरा वाजून वीस.”

“असलं कोन छापतंय!”

म्हातारीनं भिंतीकडं बोट केलं. तिथं रुमेनाच्याच हातची पाटी होती. ‘घरचे सांगतील तेच छापले जाईल. मागाहून तक्रार चालणार नाही.’ नावात चूक झाली म्हणून भांडायला आलेल्या किती बायाबापड्यांना तिनं त्या पाटीखालनं रडत परत पाठवलं होतं.

तिनं छापलं नाही. त्रिफोननं छापलं. दहाच्या जागी वीस काढले.

शनिवारी वेलिकानं रीतीप्रमाणं आसेनच्या नावानं चर्चमध्ये शिजवलेले गोड गहू वाटले आणि एक कागद दुकानासमोरच्या खांबावर चिकटवला, काउंटरवरनं नीट दिसेल असा. मयताचा कागद आमच्यात कुणी फाडत नाही. फाडणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत दुसरा लागतो म्हणतात. कागद ऊनपाऊसच नेतो. आणि खांब नेमका दुकानाच्या पागोळीच्या आत होता, तिथं पाऊस पोचत नव्हता.

सोमवारी रुमेनानं दुकान उघडलं. आरशाच्या प्रोग्राममध्ये ‘पुसलेलेही ठेवा’ असं एक घर होतं. अकरा वर्षं ते रिकामंच होतं. त्यात तिनं खूण केली. मागनं त्रिफोन मोठ्यानं वाचू लागला, “आठ वाजून तीन मिन्टं, रुमेना. सेटिंग बदललं.”

पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याच्या बायकोचे चाळीस दिवस भरत होते. तो दारात थबकला, खांबावरचा कागद शेवटपर्यंत वाचला, मग आत आला.

“माझ्या बायकूचा फोटू हाय का अजून?”

“बस,” रुमेना म्हणाली आणि नाव टाइप करू लागली.