गावच्या फ्लेक्सवर माझा फोटो

निघालो तेव्हा आई म्हणाली, "आधी सामान मोज, रडायचं नंतर." मी पाचवीत होते. मागे गायरानावर आमची सहा कुडाची घरं जळत होती. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली, गावाने नाव पारध्यांचं घेतलं आणि लोक भर दुपारी रॉकेल घेऊन आले. मोटर नेऊन आम्ही काय करणार होतो? गायरानावर वीजच नव्हती. मी मोजलं: दोन पातेली, एक गोधडी, शेळी, धाकटा भाऊ लखन. दप्तर राहिलं. बाबा पुढे चालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, आम्हालाही पाहू दिलं नाही.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी हे वाचावं, त्यांना ते पाठ आहे. हे त्यांच्यासाठी आहे, आणि त्या दिवशी मिळेल त्या रस्त्याने पांगलेल्या माझ्या माणसांसाठी.

आज मी अमिरातीत, दुबईपलीकडच्या फुजैरा बंदरात आहे. जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत ॲडमिन बघते: खलाशांचे गेट पास, राहायच्या खोल्या, व्हिसा. कागद नसेल तर माणूस गेटच्या आत येत नाही. हबीबी म्हणा, इन्शाल्ला म्हणा, येत नाही. ऑफिसात मला खडूस म्हणतात. कामं वेळेवर होतात. मुलगी अल ऐनला शिकते, मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. मराठी मंडळात बायका विचारतात, "गाव कुठलं?" मी सांगते, "पुणे." खलास. पुढचा प्रश्न येत नाही.

मागच्या महिन्यात फोनवर एक फोटो आला. गावच्या वेशीवरचा फ्लेक्स, माहेरवाशिणींच्या मेळाव्याचा. वर देवी, खाली पुढारी, मधोमध ऑफिसच्या ब्लेझरमधली मी. 'गावची लेक, दुबईत उच्च पदावर.' फुजैरा त्यांनी ऐकलं नसावं. पाठोपाठ सरपंचांचा फोन.

"ताई, संजय बोलतोय. यायचंच हं. स्टेजवर खुर्ची ठेवलीय, साडीचोळी करणार. आणि वेशीला कमान बांधतोय, तेवढा हातभार लावा."

"आमची घरं कुठे होती, ठाऊक आहे?"

"जुनं कशाला उकरायचं, ताई? मी तेव्हा शाळेत होतो."

"मीही होते. तुमच्याच वर्गात."

त्यानंतर पलीकडची रेंज गेली.

लेक म्हणे. लखन आज पुण्याबाहेर एका पुलाखाली राहतो, मिळेल त्या साईटवर खडी वाहतो. त्याच्या मुलीला, पूजाला कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळते आहे, पण त्यासाठी जातीचा दाखला हवा. दाखल्याला मूळ गावचा पुरावा हवा. लखन ग्रामपंचायतीत गेला की त्याला दरवेळी एकच उत्तर: या नावाचं कुटुंब गावात कधी नव्हतंच. शाळेच्या पटावर माझं नाव होतं, तो पट सापडत नाही. मुदत संपली की पूजाची जागा दुसरीला जाणार.

कंपनीच्या क्लिनिकमधली नर्स सेवदा युरोपातल्या कोसोवोची, रोमा, म्हणजे तिकडच्या भटक्यांपैकी. लढाई संपल्यावर तिची गल्ली शेजाऱ्यांनीच पेटवली. पुढे ती अनेक वर्षं परदेशात निर्वासितांच्या कॅम्पात होती. ज्या देशात आसरा मागितला त्यांनी सांगितलं, आता तिकडे शांतता आहे, परत जा. ती गेली, तर डागडुजी केलेल्या तिच्या घराच्या खिडक्यांना दुसऱ्यांचे पडदे. घर आपलं आहे हे सांगणारा कागद आगीत गेलेला. मी तिला फ्लेक्स दाखवला तेव्हा ती हसली.

"तुझ्या गावाने निदान फोटो लावला. माझ्या शेजाऱ्यांनी नुसते पडदे बदलले." मग म्हणाली, "भांडू नकोस. इतकं प्रेम उतू जातंय ना? निमंत्रण लेटरहेडवर मागव."

मी मागवलं. वडिलांचं नाव घाला, वस्तीचा उल्लेख करा, असंही सांगितलं. कमानीच्या देणगीच्या आशेने संजयने खुशीत पाठवलं. ग्रामपंचायतीचं लेटरहेड, सही, शिक्का, आणि मजकूर: आपले वडील गायरान वस्तीवर राहत होते, आपले कुटुंब या गावचे मूळ रहिवासी आहे, गावाला आपला अभिमान आहे. ते पत्र आणि फ्लेक्सचा फोटो लखनने पूजाच्या अर्जाला जोडून तहसीलमध्ये दिला. पोच घेतली. ग्रामपंचायतीला सुनावणीची नोटीस गेली.

संजयचा पुन्हा फोन. "ताई, हे बरं नाही केलंत. आम्ही मानानं बोलावलं होतं."

"तुम्ही लिहिलं तेच पुढे पाठवलं. खोटं असेल तर सुनावणीत तसं सांगा."

"गावात तोंड दाखवणार आहात का परत?"

"फ्लेक्सवर तुम्हीच दाखवलंत."

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. शिक्क्याचं पत्र तहसीलमध्ये आहे.

इथे मी परकी आहे. व्हिसा नवा करताना ते मला दरवेळी नीट लेखी कळवतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. इथे मला कुणी लेक म्हणत नाही आणि माझं घरही कुणी जाळत नाही. गाव हा शब्द ऐकला की मला अजून रॉकेलचा वास येतो. तरी ते गायरान आमचं आहे, आणि ते नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.

मुलगी विचारते, "सो आर वी गोइंग, मम्मा?"

जाऊ. मेळाव्याला नाही. पूजाच्या हातात दाखला पडला की लखनला घेऊन गायरानावर जाऊ. आईने सांगितलेलं अर्धंच झालंय, सामान तेवढं मोजून झालं. रडायचं राहिलंय. ते मी तिथे बसून करीन, आणि गावातून कुणी पाण्याचा तांब्या घेऊन येऊ नये.