पाकाआधीचं तेल

माझं लग्न ठरल्तं. परतूरच्या पार्लरवालीनं बजावलं, साखर-लिंबाच्या पाकानं हातापायांचे केस काढायचे तर तीन आठवडे वस्तरा लावू नकोस, तांदळाएवढे वाढू दे. मी ते लांब बाह्यांखाली लपवून वाढवले.

पार्लरला जायच्या दिवशी पहाटे आईनं माझ्या हातापायांना खोबरेल चोळलं. अर्धवट झोपेत मला बरंच वाटलं, मी पडून राहिले. पार्लरमध्ये दोनदा साबण लावूनही तेलामुळं पाक त्वचेला धरेना. घरी येऊन मी पाहुण्यांदेखत आईवर ओरडले, "तुला कुणी सांगितल्तं हात लावायला?"

ती म्हणाली, "कमी दुखंल म्हणून लावलं गं."

आता माहेरी गेले की ती तेलाची वाटी घेऊन येते, पण माझ्या डोक्याला हात लावायच्या आधी विचारते.