स्पॅनिश व्याकरणातलं माझं लग्न

माझं पहिलं लग्न स्पॅनिश भाषेत झालं आणि ते साधारण पाच मिनिटं टिकलं.

इंग्रजी अमदानीतलं सोलापूर. आमच्या अप्पांचं कापडाचं दुकान होतं. शेजारी स्पेनहून आलेले एक पाद्रीबाबा राहायचे, ते अप्पांकडून मराठी शिकायचे. "मॅट्रिकबिट्रिक काय न्हाय, यंदा लगीन!" असं अप्पांनी मला सुनावलं, त्याच संध्याकाळी मी पाद्रीबाबांकडं स्पॅनिश शिकायला बसले. (दादाला इंग्रजी यायचं. मला दादाला न येणारी भाषा हवी होती!)

"फार सोपे आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "आज घडलेली गोष्ट सांगताना तुमच्या 'आहे'सारखा एक मदतनीस घ्यायचा. 'मी'साठी 'ए', 'तू'साठी 'आस'. मग क्रियापदाचे शेपूट कापून 'आदो' लावायचे. कान्सार म्हणजे दमणे. मे ए कान्सादो, मी दमलो आहे."

"आणि बाई दमली तर?"

"तेच. रूप बदलत नाही."

बाईचं आणि पुरुषाचं दमणं एकाच मापानं मोजणारी भाषा! मी तिच्यावर जीवच टाकला.

मंद्रूपचे पाहुणे मला बघायला आले, त्या दिवशी मी पहाटेपासून उखळात शेंगाचटणी कुटत होते. पाद्रीबाबाही नेमके तेव्हाच टपकले.

मुलाच्या काकांनी विचारलं, "पोरीला काय काय येतं?"

"सैपाक, शिवण, रांगोळी..." अव्वा, म्हणजे माझी आई, सांगू लागली.

"स्पॅनिश!" मी मान ताठ करून म्हणाले.

"ते गोड असतंय की तिखट?" काका म्हणाले.

आता दाखवतेच! मी पाद्रीबाबांकडं वळून ठणकावलं, "ओइ मे ए कासादो!" आज मी दमले आहे!

पाद्रीबाबा ताडकन उठले आणि त्यांनी अप्पांचे दोन्ही हात धरले. "अभिनंदन! मुलीने आज लग्न केले आहे! आणि मला आमंत्रण नाही?"

(कान्सादो म्हणजे दमलेली. कासादो म्हणजे लग्न केलेली. मधला 'न्' मी गिळला होता.)

काकांच्या घशात लाडू अडकला. "आज? कुणासंगं?"

"आजच!" पाद्रीबाबांनी खात्री दिली. "हे रूप आजच्याच गोष्टीला लागते!"

"अगं, काय बोललीस ते सांग की!" अप्पा ओरडले.

एक अक्षर चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण पाहुण्यांसमोर चूक कबूल करू? मी? "माझं व्याकरण बरोबर हाय!" मी म्हणाले.

"ऐकलंत? स्वतः कबूल करतीया!" म्हणत काका टांग्यात चढले. अप्पा टांग्यामागं चाटी गल्लीपर्यंत धावले. पाद्रीबाबांना घोटाळा उमगेपर्यंत घोडं दिसेनासं झालं होतं.

मंद्रूपनं बातमी चोख पोचवली. पुढं दोन वर्षं एकही स्थळ आलं नाही आणि मी आरामात मॅट्रिक झाले.

मला उत्तम स्पॅनिश येतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. फक्त आधी, समोरच्याला ते येत नाही ना, एवढं विचारून घेते!