सूज असू दे

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, न्हावी. कात्रीच्या बरोबरीने तोंडही चालू. गिऱ्हाईक जरा हललं की त्याची हनुवटी धरून म्हणायचे, "डोकं हलवू नका, कान माझ्या हातात आहे!" हा विनोद त्यांनी माझ्यावर इतक्या वेळा केला की मी दुसरीकडे केस कापायला लागलो. ताईने मला ते अजून माफ केलेलं नाही.

पुढे ते विसरायला लागले. एकदा गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापून जेवायला घरी आले, तेव्हा ताईने दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या.

इस्पितळात विसरण्याच्या आजारावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. औषध मेंदूतली सूज उतरवायचं, म्हणून सूज दिसेल त्यालाच घेणार. शिरेत एक द्रव टोचतात, तो सुजेच्या जागी जाऊन चिकटतो आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. फक्त डोकं हलता कामा नये.

पहिला स्कॅन वाया गेला. यंत्रात निजवल्यावर स्पीकरमधून तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, डोकं हलवू नका." झालं! हे वाक्य तर यांचं. भावोजी हात वर करून गिऱ्हाइकाची हनुवटी शोधू लागले. मला हसू आलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला ताईने माइक मागून घेतला. "तू काही बोलू नकोस गं पोरी, मी बोलते." आणि सुटलीच. गळका नळ, लेकीचं बाळंतपण, माझं सुटलेलं पोट, काही सोडलं नाही. एवढ्या वर्षांत भावोजींनी तिला एक वाक्य पुरं करू दिलं असेल तर शपथ. आता मात्र गप्प पडून ऐकत होते.

निकालाच्या दिवशी ताई बाकावर पुटपुटत होती, "सूज असू दे, देवा." नवऱ्याच्या डोक्यात सूज मागणारी बायको मी पहिल्यांदाच पाहिली. पण सूज नसती, तर औषधही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलं. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला पिवळे-तांबडे डाग होते. "सूज आहे, यांना घेता येईल. पण गुण येईलच असं मी सांगू शकत नाही."

ताईला रडू फुटलं. भावोजी गोंधळले. "काय झालं? वाईट आहे का?"

"नाही हो. सूज आहे."

"मग उतरेल?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलंच नाही.

त्यांनी बाहीने तिचे डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"उतरो न उतरो, घ्या मला. हिला विसरायचं नाहीये मला."