शंकेचा चेंडू

वर्तमानपत्र हातात आलं की रिबेकामावशी आधी खेळाचं पान काढायची आणि निकालात आधी हरलेल्याचं नाव शोधायची. मे महिन्याच्या अखेरीला पॅरिसला मातीच्या कोर्टावर टेनिसची मोठी स्पर्धा होते. तिचे निकाल पेपरात कोपऱ्यात चार ओळींत येत. मी ते मोठ्याने वाचायला लागले की ती मला मध्येच थांबवी. "जिंकलं कोण ते सगळं गाव सांगेल. तू हरलं कोण ते वाच." मग ते परक्या देशाचं, धड उच्चारता न येणारं नाव ती एकदा स्वतःशी म्हणून बघे. मला हा निव्वळ चक्रमपणा वाटे.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मुंबईच्या कॉलेजातली मैत्रीण, आणि पनवेलला मुलींच्या शाळेत ड्रिलची बाई. घर इस्रायल आळीत, वडिलोपार्जित. उंच, सडसडीत, पांढरं पातळ आणि खाली कॅनव्हासचे बूट. पनवेलच्या बाजारात पातळाखाली बूट घालून फिरणारी दुसरी बाई नव्हती, त्यामुळे ती लांबूनच ओळखू यायची. लग्न तिने केलं नाही. आमच्या घरी मात्र रोज यायची. माझे फ्रॉक तिने शिवले, इंग्रजी तिने घोकून घेतलं, गोवर आला तेव्हा आईला झोपायला पाठवून उशाशी ती बसली. इतकं कोणी करायला लागलं की मुलांना ते आपल्या हक्काचं वाटतं. मलाही वाटत होतं.

आमची भाताची गिरणी होती. मागे भात वाळवायचं मोठं खळं होतं, चोपून सारवलेलं. हंगाम संपला की मावशी तिथे चुन्याच्या रेघा ओढायची आणि आम्हा चार-पाच मुलींना टेनिस शिकवायची. मातीवर चेंडू पडला की त्याचा ठसा उमटतो, आणि तो ज्या बाजूला पडला त्या बाजूच्या मुलीने तो बघून खरं सांगायचं, हा तिचा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून कडक. "शंका आली की चेंडू समोरच्याचा." एकदा आंतरशालेय सामन्यात पंच तीच होती. मी दोन वेळा शंकेत सापडले आणि दोन्ही गुण तिने समोरच्या मुलीला देऊन टाकले. मी हरले. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आईने खळ्यावर कधी पाऊल टाकलं नाही. ती माडीच्या खिडकीतून बघायची, आणि खेळ रंगात आला की खिडकी लावून घ्यायची.

भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला मावशीच्या ज्यू लोकांचा दारफाळणीचा सण येई. त्या दिवशी दारं लावून घेऊन कडकडीत उपास करायचा आणि आदल्या दिवशी ओळखीच्या सगळ्यांची माफी मागायची. ती अख्ख्या आळीत फिरे. कोळीणसुद्धा सुटत नसे. मासळीची पाटी उतरवत सखूबाई एकदा म्हणाली, "तुमी कशाला माफी मागता, बाय? तुमचं काय चुकलं नाय. वाटा कमी लावनारी मी हाय." सगळ्यात शेवटी मावशी आमच्याकडे येई. "काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर, कुसुम." आई म्हणे, "केलं माफ. चहा घे."

मी पंधरा वर्षांची असताना मावशीचं इस्रायलला जायचं ठरलं. भाऊ आधीच गेला होता, बोटीचं तिकीट आलं होतं. त्या वर्षीही ती आदल्या दिवशी आली. आई आणि मी ओटीवर डाळिंब्या सोलत बसलो होतो. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, आईने नेहमीचं उत्तर दिलं आणि चहा आणून ठेवला. मावशीने कपाला हात लावला नाही.

"आज तेवढ्यावर जाणार नाही, कुसुम," ती म्हणाली, आणि खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात मुंबईला मातीच्या कोर्टावर मोठी स्पर्धा झाली होती. मुलींच्या अंतिम सामन्यात त्या दोघीच समोरासमोर होत्या. आजोबांनी आईला बजावलं होतं की जिंकलीस तर आणखी खेळ, हरलीस तर पनवेलच्या स्थळाला होकार कळवतो. हे आईने सकाळीच मावशीला सांगितलं होतं. शेवटच्या सेटमध्ये आईला एकच गुण हवा होता. तिने मारलेला चेंडू मावशीच्या बाजूच्या रेषेपाशी पडला. रेषेवरच्या पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं. मुख्य पंच खुर्चीवरून उतरून ठसा बघायला येईपर्यंत मावशीने चालता चालता त्यावरून बूट फरफटवला. पंचांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, बाहेर. पुढे सामना तिने जिंकला, आणि त्यानंतर स्पर्धेत म्हणून ती कधी उतरली नाही.

आईच्या हातातली डाळिंबी हातातच राहिली. "ठसा मी पाहिला होता," ती म्हणाली. "रेषेवर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मावशी रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. "आता बोलले ना. आता तरी माफ कर."

आईने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "चहा निवला तुझा. दुसरा करते," आणि आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही. मावशी थोडा वेळ थांबली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली. आठवड्याने आम्ही तिला पोचवायला बंदरावर गेलो. तिथे सगळं बोलणं सामानाचं आणि थंडीचं झालं.

मावशी तिकडेच वारली. ते कळलं त्या संध्याकाळी मी आईला विचारलं की एवढं वाक्य तू वर्षानुवर्षं म्हणत होतीस, त्या दिवशीच का नाही म्हणालीस? माझ्या आवाजात राग होता. आई शांतपणे म्हणाली, "तू तिथे बसली होतीस. माफ केलं म्हणायचं म्हणजे माझं लग्न झालं, तू झालीस, हे माझं नुकसान होतं असं म्हणायचं. ते तुझ्या तोंडावर कसं म्हणू? आणि काही नुकसान झालं नाही म्हणाले असते, तर तिला ते खरं वाटलं नसतं."

तेव्हापासून मला त्या ओटीवरची मीच दिसत राहते. डाळिंब्यांचं पातेलं उचलून मी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाऊ शकले असते. मला ते सुचलं नाही.